हात लावण्याआधी लिहा: फिजिओंचा छोटा सरावगट कसा चालवायचा

पदवीचा शेवटचा टप्पा इंटर्नशिपचा. त्यानंतर कोकणात, लांज्यात नाहीतर गुहागरला, स्वतःचा दवाखाना टाकला की त्या फिजिओचा (फिजिओथेरपिस्टचा) हात पुन्हा कुणी तपासत नाही. दिवसाला पंधरा-वीस पेशंट होतात. बरे व्हायचे ते होतात, न होणारे कोल्हापूरला किंवा मुंबईला निघून जातात, आणि आपलं नेमकं काय चुकलं ते कळायची सोय राहत नाही. वर्कशॉपं बहुतेक पुण्या-मुंबईत. तिथून दहा नवी तंत्रं शिकून आलेला माणूस सोमवारी त्यातली दोन वापरतो, महिन्याभराने एकही नाही.

त्यापेक्षा आपल्या आपल्यात सरावगट काढावा. चार-पाच जण, एक अनुभवी मेंटॉर, एक प्लिंथ (पेशंटला झोपवून तपासायचं बाकडं) आणि दर पंधरा दिवसांनी एक खराखुरा पेशंट, एवढ्यावर तो चालतो. नियम एकच, पण तो मोडायचा नाही: पेशंटला हात लावण्याआधी आपल्याला काय सापडेल ते प्रत्येकाने कागदावर लिहायचं, आणि लिहिलेलं खोडायचं नाही.

माणसं, जागा, वेळ

चौघं उत्तम, पाच चालतात. सहावा आला की प्लिंथभोवती दाटी होते आणि प्रत्येकाच्या हाताखाली हात ठेवून पाहायला मेंटॉरला वेळ पुरत नाही. तिघंच असतील तर एकाच्या घरी कार्य निघालं की बैठक बुडते. अनुभव थोडा मागेपुढे असावा, पण दरी फार नको. नुकता दवाखाना टाकलेला आणि पंधरा वर्षं झालेला एकाच गटात असले की धाकटा तोंड उघडत नाही. गटात किमान दोन महिला असाव्यात. सरावाच्या जोड्या लावताना आणि महिला पेशंट तपासताना त्याचं महत्त्व कळतं.

मेंटॉर निवडताना भिंतीवरच्या सर्टिफिकेटांपेक्षा एक गोष्ट पाहा. पेशंट बरा झाला नाही तेव्हा हा माणूस काय सांगतो? ‘पेशंट व्यायामच करत नाही’ एवढंच सांगणारा नको. आणि मानधन ठरवून द्या. फुकटातलं मार्गदर्शन तिसऱ्या महिन्यात थंडावतं, आणि त्यात कुणाचाच दोष नसतो.

जागा कुणा एकाचा दवाखाना, शक्यतो कोकण रेल्वेच्या मार्गावरचा. स्टेशन गावापासून लांब असतं (रत्नागिरीचंच घ्या), म्हणून उतरलेल्यांना आणायला दुचाकी घेऊन कोण जाणार हे आधी ठरवा. जागा दर वेळी बदलू नका. निम्मा वेळ सामान शोधण्यात जातो.

वेळ रविवारी सकाळी दहा ते एक, ऑक्टोबर ते मार्च, एकूण बारा बैठका. गणपती झालेले असतात, पाऊस ओसरलेला असतो आणि आंब्याची धांदल सुरू व्हायची असते. पावसाळ्यात गट सुरू करण्याचा उत्साह करू नका. परशुराम घाटात दरड आली की अर्धा गट खेडला आणि अर्धा चिपळूणला, असं होतं. शिमग्याच्या आसपासचा रविवार आधीच सोडून द्या.

सामान फारसं लागत नाही. गोनिओमीटर (सांधा किती अंश वळतो ते मोजणारा), रिफ्लेक्स हॅमर, कापूस, इंचटेप, सांध्याला ओढ द्यायचा मोबिलायझेशन बेल्ट, पारदर्शक प्लास्टिकच्या चार बोटं रुंद पट्ट्या, त्यावर लिहिणारी पेनं, टिकल्यांचं एक पाकीट, दोन-तीन धुतलेले पंचे आणि काटा फिरणारा बाथरूमचा वजनकाटा. आकडे दाखवणारा डिजिटल काटा घेऊ नका. तो आकडा स्थिर होईपर्यंत थांबतो आणि हलता दाब दाखवत नाही. प्लिंथची उंची अशी हवी की बाजूला उभं राहून हात सरळ सोडला की बोटांची पेरं वरच्या कडेला लागतील. प्लिंथ हलवता येत नसेल तर उंचीला कमी असणाऱ्याने पायाखाली जेवणाचा पाट घ्यावा. हसण्यासारखं वाटेल, पण वाकड्या मनगटाने दाब देत राहिल्याने ज्यांचे अंगठे दुखायला लागलेत त्यांनी आधी हेच करून पाहावं.

संमती, आधी आपली आणि मग पेशंटची

सराव एकमेकांच्या अंगावर होणार, म्हणून पहिल्या बैठकीआधी प्रत्येकाने आपला फॉर्म भरायचा. जुनी दुखापत, मणक्याचा त्रास, चक्कर, गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या, आणि कुठल्या भागाला हात लावून घ्यायचा नाही ते. कारण विचारायचं नाही. ‘थांब’ म्हटलं की हात तिथल्या तिथे सुटला पाहिजे. मानेचा झटका देण्याची तंत्रं अशा गटात शिकवू नयेत. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका क्वचितचा असला तरी झाली तर भरून न येणारी असते, आणि अर्ध्या तासाच्या सरावात ती जबाबदारी पेलत नाही.

पेशंटसाठी एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात: आज पाच जण पाहणार आहेत, पैसे नाहीत, मधेच नको म्हणता येईल, फोटो-व्हिडिओ होणार नाही, नाव कुठे जाणार नाही. वाचून दाखवा. महिला पेशंटबरोबर घरची बाई किंवा गटातली महिला सतत हवी. साडीतल्या पेशंटची कंबर तपासताना दोन चादरी घ्या, एक वर, एक खाली, मधली वीतभर जागा उघडी. यात घाई केली की पेशंट आखडतात, आणि आखडलेल्या पाठीत काय सापडणार?

तीन तासांची वाटणी

पहिली पंचवीस मिनिटं मागच्या पेशंटचं पुढे काय झालं याला. मग सव्वा तास आजचा पेशंट. दहा मिनिटं चहा. एक तास हातांचा सराव. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाने पुढच्या पंधरा दिवसांत करायची एकच गोष्ट लिहायची. मागच्या पेशंटची पंचवीस मिनिटं कधीही कापू नका. आपला अंदाज बरोबर होता का, हे फक्त तिथेच कळतं.

आजच्या पेशंटचा सव्वा तास असा जातो. एक जण पंधरा मिनिटं विचारपूस करतो, बाकीचे गप्प. पेशंटला पडवीत बसवून चहा द्यायचा. सात मिनिटं सगळे आपापला कागद भरतात. मग वाचन, सगळ्यात धाकट्यापासून सुरू आणि मेंटॉर शेवटी. आपल्याकडे ‘सर’ बोलले की चर्चा संपते, म्हणून हा क्रम पाळायलाच हवा. त्यानंतर दुसराच कुणीतरी तपासतो, थोडे उपचार देतो, आणि लगेच पुन्हा मोजतो.

कागद

ए-फोर कागदाचे पाच भाग करा.

पहिल्यात पेशंटचे शब्द, जसेच्या तसे. ‘रेडिएटिंग पेन’ असं भाषांतर करून लिहिलं की माहिती तिथेच गळते. चमक, कळ, ठणका, मुंग्या, भगभग हे वेगवेगळे शब्द आहेत. ‘नस दबलीय’ आणि ‘मणक्यात गॅप आलाय’ हे मात्र पेशंटचे शब्द नव्हेत, कुठल्यातरी दवाखान्यातून घरी गेलेले आहेत. ते बाजूला ठेवून ‘पण तुम्हाला काय होतं?’ असं पुन्हा विचारा. ‘बधीर’ या एका शब्दाखाली लोक जडपणा, अशक्तपणा आणि खरा बधीरपणा असं काहीही सांगतात. ‘चालताना चप्पल पायातून निसटली तर कळतं का?’ या प्रश्नाने उलगडा होतो.

दुसऱ्यात तीन शक्यता, प्रत्येकीपुढे टक्के, बेरीज शंभर. दोन लिहून भागत नाही. तिसरी शोधताना डोकं चालायला लागतं.

तिसऱ्यात धोक्याची चिन्हं, विचारलेली आणि न विचारलेली. ‘रेड फ्लॅग नाहीत’ असं एका ओळीत लिहिणं बंद करा. प्रश्न लिहा. कमरेच्या पेशंटला लघवी अडते का किंवा कळत नाही का, आणि ‘धुताना पाण्याचा स्पर्श नेहमीसारखा लागतो का’ हे विचारलंच पाहिजे. शरमेने टाळलेला हा प्रश्न कॉडा इक्वायना (मणक्याच्या तळाशी नसांचा जुडगा दाबला जाणं) हुकवतो. रात्रीचं दुखणं, बारीक ताप आणि वजन उतरणं एकत्र असेल तर मणक्याचा टीबी मनात आणा. भातशेतीच्या दिवसांत आणखी एक: ताप, डोळे लाल आणि पोटऱ्यांना हात लावू न देणारं दुखणं. चिखलात काम करणाऱ्या माणसात हा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो. त्याला शेक किंवा मसाज देत बसू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली असेल तर शिरेतल्या गुठळीचा विचार करा, आणि तिथेही मसाज नाही.

चौथ्यात दुखण्याचा चिडखोरपणा: किती कामाने सुरू होतं, किती वाढतं, शांत व्हायला किती वेळ. पाच मिनिटं उकिडवं बसल्यावर उठलेली कळ दोन तास निवत नसेल तर आज तीनच टेस्ट करायच्या आणि त्याही दुखण्याच्या अलीकडे थांबवायच्या. अर्धा तास चालल्यावर दुखून बसल्या बसल्या थांबत असेल तर ते दुखणं शेवटपर्यंत नेऊन पाहायला हरकत नाही. नवे फिजिओ हा भाग भरतात, पण त्यावरून तपासणी कमी-जास्त करत नाहीत. मग पेशंट दुसऱ्या दिवशी फोन करून सांगतात की तुम्ही तपासलंत आणि दुखणं वाढलं.

पाचवा भाग सगळ्यात मोठा ठेवा. कुठल्या तीन टेस्ट आधी करणार, आणि वरच्या प्रत्येक शक्यतेत त्यांचं उत्तर काय येईल. तिन्ही शक्यतांत एकच उत्तर येणारी टेस्ट करून काही मिळत नाही.

प्रत्यक्षात हे कसं घडतं ते पाहा. समजा, ऑक्टोबरातल्या बैठकीला ५२ वर्षांच्या मावशी आल्या. उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत कळ, कधी जांघेतही. कापणीला बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरताना त्रास. हातात एमआरआय: एल-फोर-फाइव्हला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे मधली चकती फुगलेली. पाचातले चार कागद ‘एल-फाइव्ह नस, ७० ते ८० टक्के’ म्हणतात. एकाने खुब्याच्या सांध्याला २० टक्के दिलेत.

इथे मेंटॉरने उत्तर सांगायचं नाही. दोनच प्रश्न विचारायचे. हा रिपोर्ट नसता तर काय लिहिलं असतंत? आणि मांडी घालताना जास्त हलतं काय, कंबर की खुबा? कुठलाच त्रास नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डिस्क बल्ज विशीतल्या ३० टक्के, पन्नाशीतल्या ६० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत आढळला. म्हणजे या मावशींच्या वयाला बल्ज नसता तर तेच थोडं वेगळं.

आता पाचवा भाग कामाला येतो. नस असेल तर पाय सरळ उचलताना गुडघ्याखाली तीच कळ जाईल, अंगठा वर उचलण्याची ताकद कमी लागेल. खुबा असेल तर उताणं झोपवून खुबा नि गुडघा काटकोनात घेऊन पाय आत फिरवला की अडेल, आणि तिथे ‘हीच ती कळ’ असं ऐकू येईल. तपासणीत पाय ७५ अंशांपर्यंत उचलला, मागे फक्त ताण. अंगठ्याची ताकद दोन्हीकडे सारखी, रिफ्लेक्स सारखे. खुब्याचं आत फिरणं डावीकडे ३५ अंश, उजवीकडे १०, आणि मावशींचा हात आपोआप जांघेकडे गेला. टक्के तिथल्या तिथे बदलून लिहायचे, जुन्या आकड्यांच्या शेजारी.

उपचार म्हणून बेल्टने खुब्याला बाहेरच्या बाजूला ओढ, साठ सेकंदांची तीन आवर्तनं. पुन्हा मोजलं: आत फिरणं १४ अंश, मांडी घालायचा प्रयत्न करताना दुखणं दहापैकी सातवरून पाचवर. गट खूश होतो, आणि इथेच फसतो. गोनिओमीटरच्या मोजण्यातच पाचेक अंशांची चूक धरावी लागते, तेव्हा चार अंशांची वाढ ही वाढ म्हणून लिहायची नाही. दुखण्यातला दोन आकड्यांचा फरक धरण्याजोगा आहे, तो लिहायचा. सोबत खुब्याच्या एक्सरेसाठी चिठ्ठी, आणि मोरीत-चुलीपाशी बसायला चौरंग किंवा स्टूल.

पेशंट चाळिशीच्या आतबाहेरचा पुरुष असता, दारू किंवा स्टिरॉइडचा इतिहास असता, तर तिसरी शक्यता ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिसची (रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याची) लिहावी लागली असती. त्यात सुरुवातीचा एक्सरे साफ दिसू शकतो. साफ एक्सरे पाहून अशा पेशंटला उड्या मारायचे व्यायाम देणं ही मोठी चूक.

सगळ्याच पेशंटना इतकं खणावं लागत नाही. शेवाळलेल्या पायरीवरून घसरून घोटा मुरगळलेल्याला ओटावाचे नियम (एक्सरे लागेल का ते ठरवणारे) लावा आणि मोकळे व्हा. घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही हाडांच्या खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये मागच्या कडेवर किंवा टोकाला दाबून दुखतं का, करंगळीच्या मेटाटार्सलच्या (पावलातल्या लांब हाडाच्या) बुडाशी किंवा नॅव्हिक्युलरवर (पावलाच्या आतल्या बाजूच्या हाडावर) दुखतं का, पडल्यावर लगेच आणि आत्ता चार पावलं टाकता येतात का. एकही गडबड असेल तर आधी एक्सरे. मधुमेही पेशंटचा आखडलेला खांदा लवकर ओळखू येतो, पण खांदा बाहेर फिरत नाही म्हणून लगेच ‘फ्रोझन शोल्डर’ लिहू नका. मागे सटकून अडकलेला खांदाही बाहेर फिरत नाही. होडीवर पडलेल्या किंवा फिट आलेल्या माणसाचा एक्सरे पाहिल्याशिवाय तो खांदा ताणायचा नाही.

हातांचा तास

एका तासात एकच तंत्र. दोन घेतलीत की दोन्ही अर्धवट.

शिकवण्याची पद्धत पेटन या सर्जनने सुचवलेल्या चार पायऱ्यांची. मेंटॉर नेहमीच्या वेगात, न बोलता करून दाखवतो. मग सावकाश, प्रत्येक हालचाल सांगत. तिसऱ्या वेळी करतो मेंटॉरच, पण बोलतो शिकणारा: ‘आता मनगट सरळ, आता कोपर कुलूप, आता अंग पुढे.’ चौथ्या वेळी शिकणारा स्वतः. तिसरी पायरी सगळे वगळतात, आणि हात का चुकतो ते तिथेच उघड होतं, कारण जे तोंडात नाही ते हातातही नसतं.

वजनकाट्याचा सराव दर बैठकीला, दहा मिनिटं. गादीवर ठेवला की काटा कलतो आणि चुकीचं दाखवतो, म्हणून खाली फळी घ्या, शून्य जुळवा. तळहाताच्या करंगळीकडच्या टेकाडाने ५ किलो, १० किलो, १५ किलो असा दाब, डोळे मिटून, प्रत्येकी दहा वेळा. जोडीदार काटा वाचून लिहितो, मधे बोलत नाही. पहिल्या दिवशी १० किलो सांगितलेला हात सात ते पंधरा कुठेही जातो. सहा महिन्यांत दहापैकी आठ वेळा एका किलोच्या आत यावं असं ठरवा. मेंटॉरचेही आकडे त्याच तक्त्यात लिहा. ते नेहमीच सगळ्यात चांगले असतात असं नाही, आणि गटाला ते दिसलेलं बरं.

पण दाबाचे किलो म्हणजे ग्रेड (सांधा हलवण्याच्या पायऱ्या) नव्हे. ऑस्ट्रेलियन फिजिओ जेफ्री मेटलंड यांनी रूढ केलेल्या ग्रेड सांध्यातल्या अटकावावरून ठरतात. पहिलीत सुरुवातीची बारीक हालचाल, दुसरीत अटकावाच्या अलीकडे मोठी, तिसरीत अटकावात शिरणारी मोठी, चौथीत अटकावातच बारीक. पाच किलो एखाद्या आजींच्या पाठीत चौथी ग्रेड होईल, खलाशाच्या पाठीत दुसरीही होणार नाही. काट्यावर हात स्थिर होतो, अटकाव ओळखायला माणूसच लागतो. त्यासाठी शिकणाऱ्याने सांध्यात हळूहळू शिरावं आणि पहिला अटकाव लागला की ‘आला’ म्हणावं. त्याच्या हातावर हात ठेवलेला मेंटॉर मनात आपला ‘आला’ धरतो. दोघांत अंतर पडलं तर पुन्हा.

लय बिघडणं ही सर्रास दिसणारी चूक. मोबाइलवर मेट्रोनोम १२० ठोक्यांवर लावला की सेकंदाला दोन हेलकावे मिळतात. साठ सेकंद धरून पाहा. चाळीसाव्या सेकंदाला कोपर वाकतं आणि जोर अंगाऐवजी दंडातून यायला लागतो. अंगठ्याचं टोकाचं पेर मागे वाकत असेल तर अंगठा सोडून तळहाताचं टेकाड वापरा. आणि नजर: सगळे आपल्या हाताकडे पाहतात. हाताखाली काय चाललंय ते हाताला कळू द्या, डोळे पेशंटच्या चेहऱ्यावर.

मार्चमध्ये आणखी एक अडचण, घाम. दमट हवेत तळहात घसरतो आणि सांध्याऐवजी कातडीच सरकते. पावडर मारून ते आणखी बिघडतं. धुतलेल्या पातळ पंच्याची एक घडी मधे ठेवली की पकड येते.

जागा ओळखण्याची परीक्षा अशी घ्या. एक जण पालथा झोपतो, माकडहाडाच्या वर एक टिकली लावतात. प्रत्येक जण पाळीपाळीने प्लास्टिकची पट्टी टिकलीशी जुळवून पाठीवर ठेवतो, एल-फोरचा काटा (कमरेच्या चौथ्या मणक्याचं पाठीवर हाताला लागणारं टोक) चाचपून पट्टीवर खूण करतो आणि पट्टी घेऊन बाजूला होतो. दुसऱ्याला पहिल्याची खूण दिसत नाही. शेवटी पट्ट्या एकावर एक ठेवून उजेडात धरा. तीन-तीन सेंटिमीटरचं अंतर पाहून सगळे गप्प होतात. कारण बहुधा एकच: कमरेच्या दोन्ही हाडांना जोडणारी रेघ सगळे एल-फोर धरतात, आणि हाताने चाचपलेली ती रेघ चरबीच्या थरामुळे बऱ्याचदा वर पडते. सेक्रमकडून (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाकडून) वर मोजत येऊन दुसऱ्यांदा ताडून पाहायचं. एवढं करूनही नेमका मणका चुकतोच, म्हणून पेशंटच्या कागदावर ‘एल-फोर जॅम’ लिहिण्याऐवजी ‘इथे दाबल्यावर ओळखीचं दुखणं’ असं लिहावं.

रिफ्लेक्सवर एक अख्खा तास घालवा. गुडघ्याचा एल-फोर, घोट्याचा एस-वन. घोट्याचा मिळत नाही अशी तक्रार प्रत्येक गटात असते. पेशंटला गुडघ्यावर खुर्चीत उभं करा, पावलं काठाबाहेर लोंबती, आणि दोन्ही हातांची बोटं गुंतवून ओढायला सांगा. मोठ्या वयाच्या पेशंटना खुर्चीवर चढवू नका, त्यांचा पाय झोपवूनच घ्या. हॅमर मनगटातून सैल पडू द्या. खिळा ठोकल्यासारखा मारला की पेशंट पाय ओढून घेतो, आणि तोच आपल्याला रिफ्लेक्स वाटतो.

दोन बैठकांच्या मधे

प्रत्येकाने आठवड्याला दोन पेशंटचे कागद भरायचे, जास्त नाही. दहा ठरवले की तिसऱ्या आठवड्यात शून्य होतात. निवड बरे न होणाऱ्यांतून. प्रत्येक पेशंटने स्वतः सांगितलेली तीन कामं लिहा आणि शून्य ते दहा असे गुण द्यायला सांगा, शून्य म्हणजे जमतच नाही, दहा म्हणजे पूर्वीसारखं. ‘हात वर करणे’ असलं काही नको. पाटी डोक्यावर घेणं, झेल्याने आंबा उतरवणं, विळीवर बसणं, बोटीत जाळं ओढणं. तिन्हींची सरासरी दोनने वाढली तर फरक पडला असं धरा. एकाच कामाचे गुण बघत असाल तर तीन हवेत.

गटाच्या व्हॉट्सॲपवर पेशंटचं नाव, गाव किंवा रिपोर्टाचा नाव दिसणारा फोटो टाकायचा नाही. नाव झाकलं तरी ‘अमक्या वाडीतला माड चढणारा’ एवढ्यावरून तालुका ओळखतो.

बिघडतं कुठे

मेंटॉर जास्त बोलतो. एकाने घड्याळ लावून मोजावं. तीन तासांत मेंटॉर चाळीस मिनिटांवर गेला तर ते व्याख्यान झालं. ‘मशीन कुठली लावू?’ हा प्रश्न चहाच्या वेळेत ढकला. पेशंट करंट आणि शेक मागतात, त्यावर दवाखाना चालतो, हे खरं असलं तरी रविवार त्याच्यासाठी नाही. दोघांची स्पर्धा लागते आणि टक्के लिहिताना लोक ९५-५-० असं धाडस करतात. अशा वेळी चुकलेल्या ९५ वर सगळ्यात जास्त वेळ द्या, चेष्टा न करता. आणि एकाच तालुक्यातले दोघं असतील तर पेशंट पळवण्याची धास्ती असतेच. गटात दाखवलेला पेशंट ज्याचा त्याचाच राहील, हे पहिल्याच दिवशी तोंडावर बोलून मोकळे व्हा.

बाराव्या बैठकीला नवीन पेशंट बोलवू नका. सगळे कागद काढा, पहिला अंदाज आणि शेवटी निघालेलं उत्तर यांची जुळणी प्रत्येकाने आपली आपण मोजा. कुणाच्या कागदावर खुबा कधीच येत नाही, कुणी मानेच्या प्रत्येक पेशंटला ‘पोश्चर’ लिहिलेलं असतं. मग फळीवर तोच काटा ठेवा, ऑक्टोबरातला तक्ता शेजारी घ्या आणि डोळे मिटून १० किलो द्या.